११ केव्हीची केबल उडाली आणि डीएससी रिपोर्ट म्हणतो 'क्रॉसलिंकिंग ओके'. कितपत धरायचं?

उघडी_तार

मंडळी, विषय जरा किचकट आहे, पण इथे केबलवाले आणि केमिस्ट्रीवाले दोन्ही सापडतात म्हणून धागा काढतोय. आमच्या प्लांटला बाहेरच्या पॅनेलपासून आतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत ११ केव्हीची तीन कोअर ॲल्युमिनियम एक्सएलपीई (क्रॉसलिंक केलेलं, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडलेलं पॉलिथिन) केबल आहे, जमिनीतून गेलेली, मध्ये एक स्ट्रेट थ्रू जॉइंट. टाकून फार वर्षं झालेली नाहीत. मे महिन्यात भर दुपारी ट्रिप झाली, खणून बघितलं तर जॉइंटच्या तोंडापासून हातभर अंतरावर बी फेजचं इन्सुलेशन फाटून कोळसा.

आता सप्लायर म्हणतो तुम्ही ओव्हरलोड केली. लॉगबुकात लोड रेटिंगच्या निम्म्यावर कधी गेलेला दिसत नाही. आमचे साहेब म्हणतात माल कच्चा होता, क्युअर म्हणजे क्रॉसलिंकिंग झालंच नव्हतं. ह्यावर सप्लायरने जळलेल्या जागेचाच एक तुकडा नेऊन कुठल्यातरी लॅबकडून डीएससी (तुकडा तापवत तो किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजायची टेस्ट) करून आणली. एका पानाचा रिपोर्ट, एक ग्राफ आणि खाली वाक्य: मेल्टिंग पीक १०८ डिग्री, २५० पर्यंत एक्झोथर्म नाही, सबब क्रॉसलिंकिंग समाधानकारक.

मी इलेक्ट्रिकलचा माणूस, मला ह्यातलं मेल्टिंग एवढंच कळतं. मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे आणि तिथे हा कागद टेबलावर आपटला जाणार हे नक्की. काय विचारू?

मेगर_मास्तर

जॉइंटपासून हातभर म्हणताय म्हणजे आधी जॉइंटरला पकडा. आमच्याकडे दहातले बरेच फॉल्ट जॉइंट नाहीतर टर्मिनेशनलाच निघतात, सरळ केबल मधूनच उगाच फुटली असं क्वचित. आणि हे डीएससी वगैरे लॅबवाल्यांचे चोचले आहेत, केबल चांगली असेल तर मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) दाखवतो, विषय संपला.

निळी_शाई

मास्तर, मेगर केबल आज कशी आहे ते सांगेल, ती अशी का झाली ते नाही सांगणार. धागाकर्त्यांचा प्रश्न दुसरा आहे.

उघडी_तार, मी बरीच वर्षं थर्मल लॅबमध्ये काढली आहेत. त्या रिपोर्टातले आकडे बरोबर असतील, पण 'सबब'च्या पुढचं वाक्य त्यांच्यातून निघत नाही.

आधी १०८ डिग्री घ्या. साधं, अजिबात क्रॉसलिंक न झालेलं एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिन) १०५ ते ११५ च्या पट्ट्यात वितळतं. त्याच एलडीपीईचं एक्सएलपीई केलं तरी ते तिथेच वितळतं, फार तर दोन-चार डिग्री खाली, कारण साखळ्या एकमेकींना जोडल्या तरी मधले मोकळे तुकडे थंड होताना स्फटिक बनवतातच, आणि डीएससीला दिसतं ते ह्या स्फटिकांचं वितळणं. रेझिनचा ग्रेड बदलला तरी दोन-चार डिग्रीचा फरक सहज पडतो. थोडक्यात १०८ हा आकडा बाजारातल्या दुधाच्या पिशवीलाही येईल.

आता एक्झोथर्म, म्हणजे सॅम्पलने उष्णता सोडल्याचं शिखर. पेरॉक्साइड क्युअर केबलमध्ये डायक्युमिल पेरॉक्साइड, म्हणजे डीसीपी, साधारण दीड-दोन टक्के असतं. लाइनवर ते फुटतं, साखळ्यांवरचे हायड्रोजन काढतं आणि साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. क्युअरिंग अर्धवट राहिलं तर थोडं डीसीपी शिल्लक राहतं आणि ते डीएससीत १५० च्या पुढे उष्णता सोडायला लागतं, दहा डिग्री पर मिनिटच्या रेटला १८५ च्या आसपास शिखर येतं. त्या शिखराखालचं क्षेत्रफळ न क्युअर केलेल्या कंपाउंडच्या क्षेत्रफळाशी ताडून बघितलं की किती टक्के पेरॉक्साइड उरलंय ते निघतं. ही पद्धत चांगलीच आहे. एक्झोथर्म आला तर माल कच्चा हे ठामपणे म्हणता येतं.

पण एक्झोथर्म नाही आला ह्याचा अर्थ इतकाच की आत्ता पेरॉक्साइड शिल्लक नाही. ते काम करून संपलं, की मुळात कमीच घातलं होतं, की घातलंच नव्हतं, हे कळत नाही. आणि तुमच्या केसमध्ये तर तुकडा आर्कच्या तोंडचा! कच्चा माल असता तरी तिथे हजारो डिग्रीच्या शेजारी पेरॉक्साइड उरणार होतं का? लॅबने सॅम्पल कुठून घेतलं हे रिपोर्टात लिहिलंय का ते बघा.

नुसताच_वाचक

वाखुसा (वाचनखूण साठवली). मला एक बाळबोध शंका, क्रॉसलिंक करायचंच कशाला? साधं पॉलिथिन पण चांगलं इन्सुलेटर आहे ना?

कॅटेनरीकाका

इन्सुलेटर उत्तम आहे हो, गरम झालं की मऊ पडतं ही अडचण. साधं पॉलिथिन सत्तरच्या पुढे भरवशाचं नाही, एक्सएलपीई कंडक्टरला ९० डिग्री कायम आणि शॉर्टसर्किटच्या काही सेकंदांत २५० पर्यंत सोसतं. स्फटिक वितळले तरी जाळं शाबूत असतं म्हणून माल ओघळत नाही, रबरासारखा होतो. विरजण लागलं की त्याचं परत दूध होत नाही तसं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत हे जमलं आणि मग तेल-कागदाच्या केबलचे दिवस हळूहळू भरले.

मी निवृत्त झालो तोवर सीव्ही लाइनवरच (केबलवर इन्सुलेशन चढवून ते लांब गरम ट्यूबमध्ये क्युअर करणारी लाइन) होतो, म्हणून दोन शब्द. निळीताई म्हणाल्या ते शंभर टक्के. क्रॉसलिंकिंग बघायचं तर हॉट सेट लावा. स्वस्त, जुनी आणि बिनतोड टेस्ट आहे. इन्सुलेशनचं डंबेल कापायचं, २०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये टांगायचं, खाली वजन लावायचं, चौरस सेंटीमीटरला २० न्यूटन ह्या हिशोबाने. पंधरा मिनिटांनी किती लांबलं ते ओव्हनच्या काचेतूनच मोजायचं, १७५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. मग वजन काढून पाच मिनिटं आतच सैल होऊ द्यायचं, बाहेर काढून सावकाश गार करायचं, कायमची लांबी १५ टक्क्यांपेक्षा जास्त राहिली की नापास. भारतीय मानक आयएस ७०९८ मध्ये पण आहे, आंतरराष्ट्रीय आयईसीत पण आहे.

वजनाचा हिशोब तिथे उभं राहून तपासा. पट्टी ४ मिमी रुंद आणि १ मिमी जाड असेल तर क्षेत्रफळ ४ चौरस मिमी, म्हणजे ०.८ न्यूटन, म्हणजे साधारण ८२ ग्रॅम, आणि ह्यात खालच्या क्लॅम्पचं वजन धरलेलं असतं. हा क्लॅम्प विसरणारे महाभाग मी पाहिलेत, आणि मुद्दाम हलकं वजन लावणारेही.

दुसरं म्हणजे पट्टी कुठून कापली. सीव्ही ट्यूबमध्ये उष्णता बाहेरून आत जाते, कंडक्टर गार असतो, तो आतली उष्णता ओढून घेतो. त्यामुळे कच्चेपणा राहिला तर तो कंडक्टरच्या अंगाला. बाहेरचा थर झकास पास होईल आणि आतला तुटून ओव्हनच्या तळाला पडेल, एकाच केबलचा. स्टँडर्डमध्येही हेच आहे की जिथे क्रॉसलिंकिंग सगळ्यात कमी असण्याची शक्यता तिथली पट्टी घ्या. ११ केव्हीला जाडी साडेतीन मिमीच्या आसपास, आत-मध्य-बाहेर अशा तीन पट्ट्या आरामात निघतात. आतली सेमिकॉनची (अर्धवाहक थराची) काळी स्क्रीन मात्र पूर्ण काढून टाका.

जेल_फ्रॅक्शन

काका, मी पॉलिमरला एमटेक करतोय. आम्हाला तर जेल कंटेंटच खरा असं शिकवलंय. झायलीन किंवा डेकॅलिनमध्ये उकळायचं, जे विरघळत नाही ते जाळं. हॉट सेट म्हणजे पास-नापास, त्यातून आकडा काय मिळणार?

निळी_शाई

जेलमधून आकडा मिळतो पण एका मर्यादेनंतर तो आंधळा होतो. ऐंशीच्या पुढे गेलं की पेरॉक्साइड वाढवलं तरी जेल जेमतेम एक-दोन टक्के वाढतं, हॉट सेटचं एलाँगेशन मात्र सरळ खाली येताना दिसतं. कारण साखळी जाळ्यात एका ठिकाणी अडकली तरी ती जेलमध्ये मोजली जाते, घट्टपणा मात्र ठरतो दोन गाठींमधली साखळी किती लांब आहे त्यावर. तुला आकडाच हवा असेल तर डीएमए (तापवत मालाचा कडकपणा मोजणं) कर, वितळबिंदूच्या वर १५०-१६० डिग्रीला रबरी पठार येतं, तिथल्या मॉड्युलसवरून गाठींमधलं मॉलेक्युलर वेट काढता येतं. साध्या पॉलिथिनला ते पठार नसतंच, सिग्नल कोसळतो. आणि झायलीनचं काम फ्युम हूडमध्येच कर रे बाबा.

वाळवंटी_पुणेकर

छान चाललाय धागा. मी आखातात युटिलिटीच्या बाजूने इन्स्पेक्शन करतो, एक भर घालतो. आधी केबल पेरॉक्साइडची आहे की सिलेनची हे विचारा, कारण सिलेनवाल्या मालात डीएससीचा तो 'एक्झोथर्म नाही' पूर्ण निरर्थक आहे. तिथे गाठी पाण्यामुळे पडतात, कोमट पाण्याच्या टाकीत नाहीतर वाफेच्या खोलीत, आणि क्युअर राहिलं असलं तरी डीएससीत काही म्हणजे काही दिसत नाही. एलटीला (कमी व्होल्टेजच्या केबलला) सिलेनच जास्त चालतं.

ह्याच्यावरून एक गंमत आठवली. एकदा एलटीचा एक ड्रम हॉट सेटला नापास झाला, परत पाठवायचं ठरलं, गाडी मिळाली नाही म्हणून तसाच यार्डात पडून राहिला, काही आठवड्यांनी कुणीतरी सहज परत टेस्ट केली तर पास. हवेतल्या दमटपणाने काम करून टाकलं. कोकणात पावसाळ्यात तर हे आपसूक होईल. पण जाडी दुप्पट झाली की पाणी आतपर्यंत पोचायला चौपट वेळ लागतो, म्हणून जाड इन्सुलेशनला ह्या भरवशावर बसू नये.

सोलर डीसी केबलवाल्यांनी पण लक्ष द्या, त्या बहुतेक इलेक्ट्रॉन बीमने क्रॉसलिंक करतात, तिथेही पेरॉक्साइड नसतंच.

कॅटेनरीकाका

बरोबर. वाशीला ब्रिटकडे (अणुऊर्जा विभागाची संस्था) बीम मशीन आहे, त्यावर केबलचं काम झालेलं आहे. असो, अवांतर.

उघडी_तार

सगळ्यांचे आभार. केबल पेरॉक्साइडची आहे, ड्राय क्युअर लिहिलंय डेटाशीटमध्ये. रिपोर्टात सॅम्पल लोकेशन नाहीच, फक्त 'केबल इन्सुलेशन, काळपट पांढरं'. चांगली बातमी ही की त्याच ड्रमचा सात-आठ मीटरचा उरलेला तुकडा आमच्या स्टोअरमध्ये आहे, टोकाला कॅप लावलेला.

आता दुसरा भाग: ओव्हरलोड. केबल आयुष्यात किती तापली होती हे मागाहून कळायला काही मार्ग आहे का?

निळी_शाई

आहे, आणि इथेच डीएससी खरी कामाची. तो स्टोअरमधला तुकडा सोन्यासारखा जपा, कुणाला देऊ नका, त्यातला फूटभर कापून पाठवा.

पॉलिथिनचे स्फटिक सगळे एकाच जाडीचे नसतात, पातळ असतात ते ४०-५० ला वितळतात, जाड ते १०५ ला. केबल दीर्घकाळ समजा ८५ डिग्रीवर चालली, तर ८५ च्या खालचे पातळ स्फटिक वितळून परत जुळतात आणि जरा जाड होऊन बसतात. मग डीएससीच्या पहिल्या हीटिंगमध्ये मुख्य शिखराच्या डाव्या उतारावर एक छोटा खांदा आणि त्याच्या अलीकडे खळगा दिसतो, त्या तापमानाच्या काही डिग्री वर. आत्ताच्या आत्ता तेच सॅम्पल गार करून परत गरम केलं की दुसऱ्या हीटिंगमध्ये तो खांदा गायब, कारण १५० पर्यंत जाऊन सगळी आठवण पुसली गेली. म्हणून पहिलं हीटिंग केबलचा इतिहास सांगतं आणि दुसरं हीटिंग माल सांगतं. बऱ्याच लॅब पहिलं हीटिंग 'थर्मल हिस्टरी काढून टाकण्यासाठी' म्हणून फेकून देतात आणि रिपोर्टात दुसरंच छापतात. तुमच्या त्या पानावर कुठलं आहे?

पण तीन पथ्यं पाळा. नुसता खांदा दिसला म्हणजे ओव्हरलोड नाही, कारण नव्या केबलमध्येही तो असू शकतो. कारखान्यात क्युअरिंगचे बायप्रॉडक्ट बाहेर काढायला ड्रम ६०-७० डिग्रीच्या खोलीत ठेवले असतील तर त्याचाही ठसा राहतो, यार्डात उन्हात पडून राहिला तरी ४५-५० ला बारीक खळगा येतो. म्हणून स्टोअरचा तुकडा हवा. दुसरं, ११० च्या वर गेलेला भाग बोलत नाही, त्याचं सगळं वितळलेलं असतं, त्यामुळे फॉल्टच्या जागेचा तुकडा घेऊन काहीही सिद्ध होणार नाही, ना तुमचं ना त्यांचं. तिसरं, सॅम्पल कापताना गरम करू नका, ग्राइंडर नको, हॅक्सॉने कापा, मग ब्लेडने पाच-दहा मिलिग्रॅमची चकती.

आणि एका ठिकाणचं सॅम्पल पुरत नाही. जॉइंटपासून अर्धा मीटर, एक, दोन आणि मग लांब कुठेतरी पन्नास मीटरवर, प्रत्येक ठिकाणी आतला आणि बाहेरचा थर. तिन्ही फेज. ओव्हरलोड असेल तर अख्ख्या लांबीभर आतल्या थरात खांदा वर सरकलेला मिळेल. जॉइंट तापत असेल तर फक्त जॉइंटजवळ, आणि दूर जाल तसा उतरत जाईल.

मेगर_मास्तर

हे मात्र भारी आहे. चोचले शब्द मागे घेतो.

अजून एक शक्यता, जमिनीमुळे. काळी माती असेल तर उन्हाळ्यात भेगा पडतात, केबलभोवतीची वाळूही कोरडी होते आणि उष्णता बाहेर जायला मार्ग राहत नाही. आपल्याकडे रेटिंग काढताना जमीन ३० डिग्री आणि माती १५० डिग्री-सेंटिमीटर पर वॉट धरतात, वाळलेली माती त्याच्या कितीतरी पुढे जाते. लोड निम्मा असून पण एखादा पट्टा तापू शकतो. आणि कुणी नंतर शेजारून दुसऱ्या केबल टाकल्या का तेही बघा, खणताना कुणाला सांगत नाहीत.

नुसताच_वाचक

मग टीजीए कशासाठी असतं? आमच्या घराचं वायरिंग करताना इलेक्ट्रिशियन 'भेसळीची वायर येते' म्हणत होता, ते ह्यात कळतं का?

निळी_शाई

घरातली वायर बहुधा पीव्हीसी, तिची गोष्ट वेगळी, ती अडीचशेच्या पुढे हायड्रोजन क्लोराइड सोडते. पण भेसळ हा प्रश्न टीजीएचाच. सॅम्पल नायट्रोजनमध्ये तापवत वजन बघायचं. शुद्ध एक्सएलपीई ४०० ते ५०० मध्ये जवळजवळ सगळं उडून जातं, मागे काही उरत नाही. चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट भरला असेल तर ६५० ते ७५० च्या दरम्यान दुसरी पायरी येते, कार्बन डायऑक्साइड जातो, वजनाच्या ४४ टक्के, आणि ५६ टक्के भस्म उरतं. दहा मिलिग्रॅममध्ये शेवटी ०.५६ उरलं तर एक मिलिग्रॅम चुना, म्हणजे दहा टक्के. शेवटी नायट्रोजन बंद करून हवा सोडली की कार्बन ब्लॅक जळतो, तो किती ते कळतं. बाहेरच्या काळ्या पॉलिथिन शीथमध्ये अडीच टक्के असतो, सेमिकॉनमध्ये तीस-चाळीस. इन्सुलेशनमध्ये कार्बन सापडला तर सॅम्पल नीट खरवडलं नाही, नाहीतर माल मिसळलाय.

आणि रिसायकल माल घातला की डीएससीत चाडी खातो. १२०-१३० ला जादा शिखर म्हणजे एलएलडीपीई किंवा एचडीपीई, १६०-१६५ ला छोटं टेंगूळ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, हे कुणाच्या तरी पोत्यातून किंवा झाकणातून आलेलं. एलटी केबलच्या स्वस्त मालात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. ११ केव्हीत असलं काही निघालं तर मात्र कठीण आहे.

कॅटेनरीकाका

टीजीएत अजून एक. ताज्या केबलचं २०० च्या आत टक्काभर वजन कमी होतं, तो डीसीपीचा कचरा: ॲसिटोफिनोन, क्युमिल अल्कोहोल, मिथेन. नवा ड्रम उघडल्यावर जो गोडसर वास येतो तो ॲसिटोफिनोनचा, आमच्या शॉपफ्लोअरवर नवीन पोरं म्हणायची काका अत्तर सांडलं का. मिथेन मात्र गंमत नाही, पेट घेतो, म्हणून टोकं बंद करून ठेवलेल्या ड्रमपाशी ब्लो लॅम्प घेऊन घाईने जाऊ नये.

निळीताई, हा कचरा डीएससीतही घोळ करतो ना? उडताना उष्णता घेतो आणि छोटा एक्झोथर्म झाकला जातो.

निळी_शाई

हो काका, म्हणून शिल्लक पेरॉक्साइड बघताना झाकण दाबून बंद केलेलं पॅन वापरायचं. छिद्र पाडलेलं पॅन वापरलं तर ॲसिटोफिनोन २०० च्या आसपास उकळून बेसलाइन खाली ओढतं आणि लॅबवाला म्हणतो काही दिसलं नाही. हेही त्या रिपोर्टात लिहिलेलं नसणार. इंडियमचं कॅलिब्रेशन कधी केलं तेही विचारा, १५६.६ डिग्री यायला हवं, ते दोन डिग्री इकडेतिकडे असेल तर खांद्याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

जेल_फ्रॅक्शन

ओआयटी कुणीच बोललं नाही?

निळी_शाई

बोलते. नायट्रोजनमध्ये २०० ला न्यायचं, तिथे धरायचं, ऑक्सिजन सोडायचा आणि ऑक्सिडेशन सुरू व्हायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. अँटिऑक्सिडंट किती उरलाय त्याचा अंदाज. केबल वर्षानुवर्षं तापली असेल तर आतल्या थराचा ओआयटी कमी. पण पेरॉक्साइड स्वतःच थोडा अँटिऑक्सिडंट खातं, त्यामुळे ग्रॅन्युलच्या आकड्याशी तुलना नको, त्याच ड्रमच्या तुकड्याशी करा. आणि वॉटर ट्री (पाण्यामुळे इन्सुलेशनमध्ये पसरणाऱ्या झाडासारख्या खुणा), व्हॉइड, सेमिकॉनचं टोक आत घुसणं, ह्यातलं काहीही कुठल्याच थर्मल टेस्टमध्ये दिसत नाही. त्याला पातळ काप काढून मिथिलीन ब्लूने रंगवून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. निळ्या झाडांचे फोटो सुंदर येतात, केबल मालकाला सोडून सगळ्यांना आवडतात.

उघडी_तार

अपडेट. मीटिंगमध्ये सॅम्पल कुठलं, पॅन कुठलं, हीटिंग पहिलं की दुसरं एवढंच विचारलं, समोरच्यांनी फोन लावला, उत्तर आलं दुसरं. मग ठरलं की दोघांच्या सहीने सॅम्पल काढायची आणि एनएबीएल मान्यतेच्या लॅबला पाठवायची, खर्च निम्मा-निम्मा. काका, तीन पट्ट्यांचा आग्रह धरला, त्यांचा क्यूएवाला माझ्याकडे बघतच राहिला.

रिपोर्ट काल आले. हॉट सेट स्टोअरच्या तुकड्याचा आणि पन्नास मीटरवरचा, आत-मध्य-बाहेर सगळे पास, आतला थर थोडा जास्त लांबतो पण शंभरच्या आत. टीजीएत भस्म नाही, डीएससीत जादा शिखर नाही. म्हणजे माल कच्चा होता हे आमच्या साहेबांचं म्हणणं गेलं.

पहिल्या हीटिंगमध्ये स्टोअरच्या तुकड्याला पन्नासच्या आसपास बारीक खळगा, पन्नास मीटरवरच्याला साठीत. जॉइंटपासून दोन मीटरवर आतल्या थराला सत्तरच्या वर, एक मीटरवर नव्वदी ओलांडून खांदा, आणि अर्ध्या मीटरवर खांदाच नाही, पहिलं आणि दुसरं हीटिंग जवळजवळ सारखं. हे फक्त बी फेजला. आर आणि वाय जॉइंटजवळही साठीतच.

कॅटेनरीकाका

मग संपलंच की. अर्ध्या मीटरवर एकशेदहा ओलांडून गेली होती. बी फेजचं फेरूल (जॉइंटमध्ये दोन्हीकडच्या तारा दाबून जोडणारी नळी) तापत होतं, इतर दोन्ही फेज थंड म्हणजे माती नाही, लोड नाही.

निळी_शाई

जवळजवळ. अर्ध्या मीटरवरची आठवण फॉल्टच्या उष्णतेनेही पुसली गेली असू शकते, फॉल्ट हातभर अंतरावरच होता. सॅम्पल जॉइंटच्या फॉल्टकडच्या बाजूचं की पलीकडच्या? पण एक मीटरवरचा नव्वदीचा खांदा एका ट्रिपमध्ये बनत नाही, त्याला दीर्घकाळ तापणं लागतं. मी मीटिंगमध्ये जोर त्याच्यावर दिला असता.

उघडी_तार

पलीकडच्या बाजूचं आहे, फॉल्टची जागा टाळायला तुम्ही सांगितलं होतं म्हणून. फेरूल अजून कापलेलं नाही, जॉइंट प्लास्टिकमध्ये गुंडाळून सील करून ठेवलाय. जॉइंटिंग कॉन्ट्रॅक्टर आता फोन उचलत नाही.

मेगर_मास्तर

फेरूल उभं कापा, त्याच्यासमोर. ॲल्युमिनियमला डाय चुकीची लावली असेल तर षटकोनाचे कोपरे अर्धवट दाबलेले दिसतात आणि आत तारांमध्ये पोकळ्या. ग्रीस लावलं होतं का, तारा ब्रशने घासल्या होत्या का तेही कळतं. कापण्याआधी दोन्ही बाजूचा रेझिस्टन्स मायक्रोओहममीटरने घ्या, आर आणि वायच्या फेरूलशी तुलना करून. कापल्यावर ते मोजता येणार नाही.

वाळवंटी_पुणेकर

आणि पुढच्या ऑर्डरच्या पीओत हे टाकून द्या: प्रत्येक ड्रमच्या दोन्ही टोकांची हॉट सेट, आतल्या थराची पट्टी, आणि दोन मीटरचा संदर्भ तुकडा सीलबंद करून खरेदीदाराकडे. सप्लायर कुरकुर करतात, पण देतात.